मान मोठा की मान मोठी?

मंडळी, आधी एक सांगा — मान मोठा की मान मोठी? हसू नका! माझ्या मावशीच्या लग्नात मानाचा फेटा मिळाला नाही म्हणून नवरदेवाचे मामा चार तास बैलगाडीत बसून राहिले. मठ्ठा तिथेच मागवला — पण उतरले नाहीत!

तर ऐका. दोन हजार वर्षांपूर्वीची, आताच्या फ्रान्सातली ही गोष्ट. तिथे केल्ट लोकांच्या टोळ्या होत्या. मिशा ह्या एवढ्या — आणि मान त्याहून मोठा! पंगतीत रानडुकराची मांडी आधी कुणाला, यावरून तलवारी निघायच्या! आपल्याकडे जिलबीवरून नुसती तोंडं सुटतात.

नदीपलीकडे रोमचं सैन्य येऊन ठेपलं. अलीकडे तीन टोळ्या. दोन टोळ्यांचे नायक लुगोमार आणि काटुवाल, तिसरीची नायिका म्हातारी सेनोवा. तिघं एकत्र राहिली तर नदीचा उतार, म्हणजे पायी ओलांडायची जागा, राखतील. फुटली तर पोरंबाळं साखळदंडात!

रोमचा दूत आला, गोड हसत. हातात सोन्याची हासळी, गळ्यात घालायचं जाड कडं — एकच! "तुमच्यातल्या सर्वांत थोर नायकासाठी भेट!"

झालं!

"थोर म्हणजे मीच!" लुगोमार उठला.

"तू?" काटुवाल गरजला. "तुझा बाप माझ्या आजोबांचे घोडे धूत होता!"

निघाल्या तलवारी! दूत आपला गालातल्या गालात हसतोय.

सेनोवाला मात्र माहेर आठवलं. तिच्या माहेरीही अशीच हासळी आली होती. भावाने मिरवत घातली, भाऊबंद रुसून फुटले, रोमन आत शिरले. आता माहेरी चूल पेटत नाही.

"आणा ती इकडे," ती म्हणाली. "थोर कोण, मी ठरवते."

"आत्या, न्यायाने हं!" दोघांनीही माना पुढे केल्या.

म्हातारीने काय केलं? शेकोटीपाशी हाडूक चघळणाऱ्या कुत्र्याच्या गळ्यात हासळी घातली! तिला दोरी बांधली — आणि दुसरं टोक दूताच्या हातात दिलं.

"धरा! सोन्याचा झाला तरी पट्टाच. मान मिळाला, मान अडकली!"

तलवारी म्यानात गेल्या. मग लुगोमारला हसू फुटलं. "काटुवाल, उद्या उतारावर पुढे तू उभा राहा."

"छे छे, तू!"

"नाही, तूच!"

"अरे मेल्यांनो," सेनोवा ओरडली, "तुमच्या आधी रोमन येतील!"

दुसऱ्या दिवशी दोघं खांद्याला खांदा लावून उभे राहिले. त्या साली रोमला नदी ओलांडता आली नाही.

आता आपलं बघा. मघाशी मला हार कुणी घालायचा, यावरून अध्यक्ष आणि सरपंच दोघेही रुसले. हार ताटात सुकतोय! अहो, हाराला टोकं दोन असतात. एक तुम्ही धरा, एक तुम्ही — या! मान मी पुढे केली आहे, मान दोघांचा!