सैल पट्टे

बोटीवर गाड्या चढवायच्या रांगेत पुढच्या जीपला ट्रेलर जोडलेला होता, आणि त्यावर पट्ट्यांनी बांधलेली एकच मोटारसायकल. मागच्या गाडीतल्या शिक्षिकाबाईंनी काच खाली केली, तेव्हा जीपचा ड्रायव्हर एका वयस्क बाईंशी बोलत होता.

“मावशी, पुढचे पट्टे पुन्हा सैल पडलेत.”

“नीट आवळले नसतील.”

“मघाशी तुमच्यादेखतच आवळले की. मोटारसायकलच्या स्प्रिंगा दबेपर्यंत.”

“मग सैल कशानं पडतात?”

“गाडी आणखी खाली दबली, तर पडतात. म्हणजे वर कोणी बसलं, तर.”

“माझ्या लेकाची गाडी आहे ती. तो गेल्यापासून तिच्यावर कोणी बसलेलं नाही.”

“आत्ता बघा ना. रस्ता नाही, खड्डा नाही, उभ्या उभ्या दबतेय.”

“बघतेय मी. घरापासून बघतेय.”

“मग बोलला का नाहीत? ट्रेलरवर माणूस बसवायला बंदी आहे, मावशी. मी नेत नसतो.”

“तसं तुम्हीच सांगा त्याला. माझं त्यानं जन्मात कधी ऐकलं नाही.”

रांग पुढे सरकली. ड्रायव्हरनं एकेक पट्टा पुन्हा आवळला, आणि मोटारसायकलच्या रिकाम्या सीटकडे न बघताच हळू आवाजात म्हणाला,

“दादा, उतारावर घट्ट धरून बसा.”