भिंतीवरचा घोडेस्वार

...न्हाई, पर मी म्हंतो, घोडा बांधायची जागा भिंत असती व्हय? आवं तुमाला सांगतो, मी रहिमतपूरचा नाथाजी, सुभेदार म्हनून रिटायर, बायकू राही जाऊन दोन वर्सं झाली, घरात मी एकटा, आन पोरगा धैर्यशील पुन्यातनं ह्ये एवढं थोरलं चित्र धाडतो! जुनाट तैलचित्र, पांढरा घोडा, वर मिशीवाला सरदार, कुनाचा कोन! फोनवर सूनबाई राजेश्वरी, "बाबा, अँटिक आहे हं! आमच्या नव्या फ्लॅटचं इंटेरिअर होईपर्यंत तुमच्या हॉलमध्ये लावा. त्याला ऊन नको, ओल नको, धूर नको!" माझं ऊन कवा इचारलं का गं, बाई? पर बोलायचं कुनाशी, सांगा!

लावलं. दुसऱ्या दिशी शेजारची बनुबाई आली, डोईवर पदर घेतला आन पाया पडली की चित्राच्या! "आवं सुभेदार, तुमचं पंजोबा व्हय?" आता न्हाई म्हनावं तर ती लगीच जानार... म्हनलं, "व्हय! लय मायाळू होतं." मग काय! हार आला, पितरपाटात खीर-वड्याचं ताट आलं, घोड्याला भिजवल्यालं हरभरं! राही गेल्यापासनं घरचं गरम अन्न तवाच पोटात गेलं, खोटं कशाला बोलू? कडेगावास्नं पावनं आलं दर्शनाला, बसलं, च्या पिलं, मी रोज नवी लढाई सांगायचो! समदी गेली की मी आन सरदार. "काय सरदार, जेवला का?" त्योबी गप. बोलायचं कुनाशी, सांगा!

गेल्या म्हैन्यात धैर्यशील चित्र न्यायला आला, गाडीत दोन गाद्या, तीन चादरी! "बाबा, सांभाळून, धक्का लागेल त्याला!" मीबी पिशवी भरून, कानटोपी घालून दारात हुभा. म्हनलं, फ्लॅट झाला, आता मलाबी नेत्याल. तर पोरगं म्हनतं, "बाबा, गाडीत जागा कुठंय? पुढच्या वेळी नक्की." मागच्या शिटावर घोडा आडवा, पट्टा लावून! लय वाईट वाटलं, गड्यांनो. लय.

काल म्यांच फोन केला, म्हनलं, करमतंय का सरदाराला? सूनबाई खूश! "बाबा, सगळे विचारतात हे कोण, आम्ही सांगतो आमचे पणजोबा! वडीलधारं माणूस असलं की घर कसं भरल्यासारखं वाटतं, नाही?"

"व्हय गं बाई," म्हनलं, "वाटतं." आन पिशवीतली कापडं परत कपाटात ठिवली. मिळालं की त्येस्नी वडीलधारं मानूस! आन त्येला जिना चढायचाबी तरास न्हाई... घोड्यावर हाय!