फौजदाराची चानकी

मुक्ताबाई : बघ, आजबी हुंगलं आन् तोंड फिरवलं.

मोनाली : पोट बिघडलं असेल, आत्या.

मुक्ताबाई : पोट बिघडलेलं कुत्रं तुझ्या हातची बिस्किटं कशी खातंय मग? उरल्या पिठाची चानकी थापायची, तूप लावायचं आन् फौजदाराला घालायची, हे तुझे सासरे होते तवापास्नं चाललंय. माझ्या हातचं त्यानं कवा नाकारलं न्हाई. म्हणून आज मोडून बघितली. ही पांढरी गोळी कसली?

मोनाली : ह्यांना विचारा.

मुक्ताबाई : विश्वजीत, इकडं ये. मुकी जनावरं मारायला लागला व्हय तू?

विश्वजीत : विष न्हाई गं आई. भीतीचं औषध हाय. मी पंचायतीला निवडून आलो त्या दिवशी पोरांनी दारात फटाक्यांची माळ लावली, आठवतंय? तवापास्नं कुकरची शिट्टी झाली तरी पलंगाखाली शिरायचं. दावं तोडून उसात पळालं, पायाची नखं सोलून आलं. शेवटी शिरूरच्या जनावरांच्या डॉक्टरला दाखवलं. ते म्हणले, हा आजारच हाय. मारून, रागावून जायचा न्हाई. गोळी चालू ठेवा आन् हळूहळू आवाजाची सवय लावा.

मुक्ताबाई : तू तर लसीला नेतो म्हणला होतास.

विश्वजीत : लसबी दिली.

मुक्ताबाई : आन् मी भैरोबाचा अंगारा लावत होते त्याला. परवा ट्रॅक्टर दारात आला तरी गप बसून राहिलं, तवा मी देवाला नारळ फोडला. तुम्ही दोघं खोबरं खात उभी होता.

मोनाली : हसलो नाही हो आम्ही.

मुक्ताबाई : मी कुठं म्हणले, हसला? आन् गोळी माझ्याच चानकीत का?

मोनाली : दुसऱ्या कुणाच्या हातची भाकरी तो खात नाही. बिस्किटात घातली तर गोळी तेवढी थुंकायचा. तुम्ही हात धुवायला गेलात की मी चानकीत दाबायचे.

मुक्ताबाई : म्हंजी फसवलं तुम्ही आन् हात माझा. आता ते माझा हात हुंगतंय.

विश्वजीत : सांगितलं असतं तर तू देऊ दिली असतीस का? गुंगीचं औषध म्हणून उकिरड्यावर फेकली असतीस. मोनाली, पाकीट आण गं. दाखव आईला, डॉक्टरनंच लिहून दिलीय.

(मोनाली आतून गोळ्यांचं पाकीट आणते.)

मुक्ताबाई : हे पाकीट मी बघितलंय.

मोनाली : कुठं बघणार, आत्या?

मुक्ताबाई : जांभळी पट्टी, कोपऱ्यात सूर्य. मला वाचता येत न्हाई, दिसतंय की. सकाळच्या चहासंगं मला देतीस ती रक्ताची गोळी ह्याच पाकिटातली.

मोनाली : ह्यातली नाही. तुमचं पाकीट वेगळं आहे.

मुक्ताबाई : पण असंच.

विश्वजीत : असंच. औषध एकच, आई. माणसालाबी देतात, कुत्र्यालाबी. मात्रा तेवढी वेगळी. आबा गेल्यावर तू उठून उठून कडी बघायचीस. फोन वाजला तरी छातीवर हात. दौंडला साखर तपासायला गेलो तवा डॉक्टरनं मला बाहेर बोलावून सांगितलं.

मुक्ताबाई : तुला सांगितलं. मी आत बाकड्यावर बसले होते.

विश्वजीत : तुला सांगितलं असतं तर म्हणाली असतीस, मी काय येडी झाले का?

मुक्ताबाई : म्हणले असते. दोन दिवस जेवले नसते. मग तू समजावलं असतंस आन् घेतली असती. फौजदाराला बोलता येत न्हाई, विश्वजीत. मला येतंय.

विश्वजीत : पण गुण आला ना? झोप लागती ना आता?

मुक्ताबाई : लागती. तेच तर. सारजाबाई विचारत होती, धनी गेल्याचं एवढं दुःख कसं पचवलं? मी म्हणले, माझं मीच सावरले बाई. केवढ्या तोऱ्यात सांगितलं तिला.

मोनाली : आत्या, गोळी मधेच बंद करू नका हं. त्रास होतो. तुम्हालाबी आणि त्यालाबी.

मुक्ताबाई : बंद कशाला करू? तुमच्यावर रुसून त्याला परत पलंगाखाली घालू? दोन्ही पाकिटं माझ्याकडं दे. त्याचं कुठलं, माझं कुठलं, नीट खूण करून दे. फौजदार, ये. ये रं. ही बघ, भाकरीवर उघडी ठेवलीय. भीतीची गोळी हाय. तुलाबी आन् मलाबी.

मोनाली : त्याला काय कळणार?

मुक्ताबाई : न कळू दे. पाणी आण. आधी माझी घेते, त्याला बघू दे.

मोनाली : चहा टाकते ना, चहासंगं घ्या रोजच्यासारखी.

मुक्ताबाई : नको. उद्यापास्नं चहा माझा मी करीन.