चन्नवीरप्पाच्या दुकानासमोर

— थांबा अक्का, पिशवी उघडा जरा. चोर नाही हो मी, बाटली बघायचीय. हं, तीच. कोल्ड्रिंकची बाटली आणि आत अ‍ॅसिड. वर नाव आहे? नाही. झाकण घट्ट आहे? बोटानं फिरवलं की निघतं. घरात लहान कुणी? दोन नातू — बघा, आणि ही तुम्ही ठेवणार मोरीच्या कट्ट्यावर. दसऱ्याची साफसफाई करायचीय ना, मग कंपनीची बंद बाटली घ्या, जिचं झाकण दाबल्याशिवाय फिरत नाही. मी दुसरीतनं शाळा सोडली, पण कवटीचं चित्र मलाही कळतं. ह्याच्या पिंपावर तेही नाही. छे, मी काही विकत नाही. मी नुसता बसतो इथं, चन्नवीरप्पाच्या समोर. त्याचं एकेक गिऱ्हाईक तोडतो. आणि हा कागद — कोर्टाबाहेरच्या टायपिंगवाल्यानं करून दिलाय, नगरपालिकेत द्यायचाय — की हा माणूस सुटं अ‍ॅसिड विकतो आणि कसं वापरायचं ते कुणाला सांगत नाही. अख्ख्या गदगच्या सह्या घेईन, शटर पाडायला लावीन. त्याच्या गल्ल्यावर कोळी जाळं विणताना बघायचंय मला.

का म्हणजे? माझी बहीण मारली त्यानं. गौरव्वा. नागपंचमीला मीच गेलो होतो आणायला, रोणला, तिच्या सासरी. येताना बसमध्ये मला म्हणते कशी — तम्मा, झोपाळा उंच बांध हं, मागच्या वर्षी पाय जमिनीला घासत होते, म्हशीला बसवल्यासारखं वाटलं. घरी आली तर संडास काळाकुट्ट. म्हणाली, मैत्रिणी यायच्यात पंचमीचे लाडू, उंडी खायला, लाज काढशील माझी. पदर खोचला आणि लागली कामाला. मी पळत आलो ह्याच्याकडे, अ‍ॅसिड घेतलं, ब्लीचिंग पावडर घेतली, तिच्या हातात दिली आणि झोपाळा बांधायला झाडावर चढलो. वास घरात नको म्हणून तिनं दार लावून घेतलं. दोन्ही एकत्र झालं की विषारी वायू होतो, हे तिला काय माहीत? वरून मला खोकला ऐकू येत होता. मी वरूनच हसलो, म्हटलं, काय गं, सासरी संडास धुवायची सवय गेली वाटतं? मग खोकला थांबला. मला वाटलं, झालं धुऊन.

तर सही करा. इथं, खाली. अंगठाही चालेल.

काय? तुम्हाला सांगितलं त्यानं? आत्ता? — हो, आता सांगेल, आता मी समोर बसलोय ना, घाबरलाय. पावडरीत मिसळू नको, दार-खिडकी उघडी ठेव, हातमोजे घाल, नंतर भरपूर पाणी ओत — पाठ आहे मला, त्या दिवशीही हेच, बोट नाचवत, दोन-दोनदा, आणि मी म्हणतोय, हो अप्पा, हो, लवकर द्या, दोर आणायचाय अजून —

असं बघू नका.

त्या दिवशी नाही सांगितलं त्यानं. टायपिंगवाल्यानं लिहिलंय ना इथं, सांगत नाही म्हणून. छापलेलं खोटं असतं का?

बरं, सांगितलं. पण मग बोलत का नाही तो? मातीला आला, सगळ्यांच्या मागं उभा राहिला, अवाक्षर नाही. माझ्या बापानं गचांडी धरली त्याची भर रस्त्यात, तरी गप्प. मी रोज शिव्या घालतो, आईबहिणीवरून, तो आपला पिंपं पुसत बसतो. एकदा, एकदाच ओरडून म्हणावं ना माझ्या बापासमोर, की पोराला बजावून दिलं होतं! मला नाही म्हणवत. दोन महिने झाले, आणि तो माझ्यावर दया करतो! कोण लागून गेला? म्हणून दुकान बंद पाडणार. पोटावर पाय आला की बोलेल. बोलायलाच हवं त्यानं.

कागद सोडा अक्का. नको सही. जा म्हटलं ना — तो बघतोय इकडं.