सोफावाल्यांचे सरकते फोटो

...आणि वर मलाच म्हणतात, ‘‘वहिनी, एक बटण तर दाबायचंय!’’ एक बटण! तुम्हाला सांगते, जगातली निम्मी भांडणं या ‘एकच तर’पासून सुरू होतात. एकच तर शब्द बोलले, एकच तर दिवस राहायला आले, एकच तर बटण...

थांबा, मधूनच नको, मुळापासून सांगते. माझ्या धाकट्या दिरांचं, म्हणजे भाऊजींचं, दुकानदारांना वेबसाइट करून द्यायचं ऑफिस आहे. ऑफिस म्हणजे काय हो, दोन टेबलं, तीन खुर्च्या आणि एक पंखा, तोही फक्त भाऊजींच्या डोक्यावर फिरतो. तिसरी खुर्ची माझी. वेबसाइट उघडली की वर एकामागून एक फोटो सरकत जातात ना, ते बदलायचं काम माझं. दुकानदारांनी फोटो पाठवायचे, मी ते कापायचे, सरळ करायचे, चढवायचे. पंचेचाळिशीनंतर मिळालेली आयुष्यातली पहिली खुर्ची! कुणी विचारलं, ‘‘काय करता?’’ की मान ताठ करून सांगायचे, ‘‘ऑफिसला असते!’’

आणि एक दिवस भाऊजी नाचतच आले. ‘‘वहिनी, आता गिऱ्हाइकंच आपापले फोटो बदलणार! तशी सोयच करून टाकलीय मी. तुम्ही फक्त एकदा शिकवायचं. एक बटण तर दाबायचंय!’’

‘‘आणि मग मी?’’

‘‘तुम्हाला आराम!’’

आराम! आमच्या ह्यांना कारखान्यानं असाच आराम दिला. तेव्हापासून बिचारे दिवसभर घरातले नळ दुरुस्त करतात... न बिघडलेले!

म्हणजे बघा हं, चांगलं शिकवलं तर माझी खुर्ची गेली. आणि मुद्दाम वाईट शिकवावं, तर तसलं मला मेलीला जमत नाही!

पहिलं गिऱ्हाईक सोफावाले बंधू. दुकान एक, भाऊ दोन. डावीकडे थोरल्यांचे लाकडी सोफे, उजवीकडे धाकट्यांची काचेची टेबलं, आणि मधल्या वाटेतून वारासुद्धा विचारून जातो. थोरल्यांनी माउस असा आवळून धरला, जणू सोडला तर पळेल. धाकटे मी तोंड उघडायच्या आधीच, ‘‘हो हो, कळलं, पुढे!’’ थोरल्यांनी पहिला फोटो चढवला. मोबाइल उभा धरून काढलेला. वर छत, मध्ये सोफ्याचा एक हात आणि कोपऱ्यात त्यांची चप्पल.

मी म्हटलं, ‘‘शेठ, सोफा कुठंय?’’

‘‘आहे की, खाली! गिऱ्हाइकानं जरा वाकून बघावं!’’

आता स्क्रीनमध्ये वाकून बघायचं म्हणजे... जाऊ दे.

आठवड्यानं त्यांच्या दुकानात गेले, तर काय दृश्य! डाव्या गल्ल्यावरच्या कॉम्प्युटरसमोर थोरल्यांच्या सौभाग्यवती, उजव्या गल्ल्यावर धाकट्यांची बायको, आणि दोघी फोटोशेजारचा बाण दाबतायत... टक, टक, टक! मी विचारलं, ‘‘अहो, हे काय चाललंय?’’

थोरल्या पडद्यावरची नजर न काढता म्हणाल्या, ‘‘टेबल आलं रे आलं की ढकलायचं, असं ह्यांनी बजावलंय. लोकांना सोफे दिसायला नकोत का?’’

पलीकडून धाकटी, ‘‘आणि मी सोफा ढकलते! ह्या जेवायला उठल्या ना, की मग जगभर आमची टेबलंच टेबलं!’’

हसावं की रडावं? दोघी आठवडाभर एकमेकींचं फर्निचर ढकलतायत! गप्प बसले असते तर दोघी आजही टकटक करत सुखानं बसल्या असत्या. पण नाही! मी आपली सत्यवचनी! म्हटलं, ‘‘अहो, बाण दाबला की फक्त तुमच्याच पडद्यावरचा फोटो सरकतो. बाकी जगाला पत्तासुद्धा लागत नाही.’’

थोरल्या बोट चोळत म्हणाल्या, ‘‘म्हणजे आठवडाभर मी माझ्याच डोळ्यांसमोरून...?’’ आणि धाकटीनं शांतपणे विचारलं, ‘‘मग सगळ्या जगाला दिसू नये म्हणून काय दाबायचं?’’

दाखवलं मी. ‘काढून टाका’ असं लिहिलेलं बटण. शिकवायलाच नेमली होती ना मला? आणि एक बटण तर दाबायचंय!

दुसऱ्या दिवशी दुपारी वेबसाइटवर काही नाही. ना सोफा, ना टेबल, ना चप्पल! नुसती पांढरी फट्ट चौकट आणि दोन बाजूंना दोन बाण. नेमकं त्याच वेळी, आख्ख्या हॉटेलचं फर्निचर घ्यायला निघालेल्या हॉटेलवाल्यांनी ती उघडली आणि दुकानात फोन केला, ‘‘धंदा बंद केलात का हो?’’

कित्येक वर्षांनी दोघे भाऊ एकत्र जिना चढले. आमच्या ऑफिसचा! भाऊजी माझ्याकडे वळले, ‘‘वहिनी, एक बटण तर दाबायचं होतं, तेवढं शिकवता आलं नाही? तुम्ही आता घरीच...’’

मी पर्स उचलली. वाद कशाला घालायचा?

थोरले ओरडले, ‘‘ते घरचं मागाहून! आधी फोटो आणा, हॉटेलवाले तासाभरात पुन्हा बघतायत!’’

भाऊजी बसले कॉम्प्युटरवर. हे दाबलं, ते दाबलं, घाम पुसला. काढून टाकलेलं परत आणायची सोय करायचीच राहिली होती! हुशार माणूस हो, फक्त टाकायचा विचार केला. मी पर्स ठेवली. अहो, मी जॅमची रिकामी बाटली टाकत नाही, लोकांचे फोटो टाकेन? चढलेल्या प्रत्येक फोटोची एकेक प्रत माझ्या कॉम्प्युटरमध्ये. सोफा, टेबल, सोफा, टेबल असे लावले. आता पहिला कुणाचा? दोघेही स्क्रीनवर वाकले. मी सगळ्यात पुढे दुकानाच्या पाटीचा फोटो लावला. दोघेही खूश... कारण दुसरा पहिला नव्हता!

हॉटेलवाल्यांनी सोफेही घेतले, टेबलंही घेतली. निघताना थोरले म्हणाले, ‘‘वहिनी, ती बटणं तुमच्याकडेच असू द्या.’’ आणि धाकटे, आयुष्यात पहिल्यांदा, ‘‘दादा म्हणतोय ते बरोबर आहे.’’

खुर्ची वाचली म्हणायची माझी. पण भाऊजी ऐकतायत होय? दुसऱ्याच दिवशी सगळ्या गिऱ्हाइकांना कळवलं, ‘तुमचे फोटो आता तुम्हीच बदला! एक बटण दाबा!’ आणि खरंच, प्रत्येकाच्या वेबसाइटवर भाऊजींनी एक मोठं हिरवं बटण बसवलंय. दाबलं की काय होतं, ठाऊक आहे?

माझा फोन वाजतो.