सत्तारभाईंनी दिलेली जोडी

मंडळी, तुम्ही दुकानं अर्ध्यावर बंद करून वाचनालयात आलात. अहेरीत एवढी माणसं एका वेळी गप्प बसलेली मी प्रथमच पाहतो आहे. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलायचं असतं. म्हणूनच मला उठायला वेळ लागला.

सत्तारभाई घड्याळं दुरुस्त करायचे आणि घरी झेब्रा मासे वाढवायचे. बोटाएवढे, निळ्या पट्ट्यांचे. हा मासा अंडी पाण्यात उधळतो आणि वळून स्वतःच खातो. म्हणून टाकीच्या तळाला काचेच्या गोट्या पसरायच्या. अंडी फटीत पडतात, आईबापाचं तोंड तिथं पोचत नाही. हे मला त्यांनीच शिकवलं. जोडीही त्यांनीच दिली. प्रेमाने. निवडून.

तीन वर्षं मी गोट्या धुतल्या. एक अंडं दिसलं नाही.

'सत्तारभाई, काऊन होत नाई?'

'पानी जड आहे भाऊ.'

पाणी बदललं.

'मादी लाजून राह्यली. तुम्ही लई टक लावून पाह्यता.'

टाकीला पडदा शिवला. मंडळी, माझ्या घरात खिडकीला पडदा नाही, टाकीला आहे.

'बरं, पिल्लाइले खाऊ काय घालाचं, तेवढं तरी सांगा.'

'अंडे तर होऊ द्या. मंग सांगतो.'

गेल्या आठवड्यात भाभींना भेटायला गेलो. नवरा गेल्यावरच्या इद्दतमध्ये आहेत, परपुरुषासमोर येत नाहीत; दाराआडून बोलल्या.

'भाऊ, एक गोष्ट मनाले खाऊन राह्यली. तुम्हाले दिलेले दोनी नर होते.'

'दोन्ही?'

'ज्याइले ज्याइले दिले, साऱ्याइले नरच. म्हणत, गावात पिल्ले एकाच घरी पाह्यजेत.'

मग उंबऱ्यावरून एक बरणी पुढं सरकली. आत मादी.

मास्तर, मान खाली घालू नका, तुमच्याकडंही दोन नर आहेत. कंपाउंडरभाऊ, तुमच्याकडं तर चार.

मी लेखांतून अख्ख्या तालुक्याची टर उडवतो. मला या माणसाने तीन वर्षं दोन नरांसमोर बसवलं. रोज संध्याकाळी चहा पाजून. एकदाही तोंडावर हसले नाहीत. निदान हसायचं तरी होतं, सत्तारभाई. मला कळलं असतं.

मादी सोडली आणि दुसऱ्या सकाळी गोट्यांत अंडी. शिकवल्याप्रमाणे तिघांनाही लगेच बाहेर काढलं. परवा काचेला केसाएवढी पिल्लं चिकटलेली दिसली. आज ती सुटून पोहू लागली आहेत. भुकेली आहेत. माझ्याकडच्या खाद्याचा कण त्यांच्या डोक्यापेक्षा मोठा. भाभींना विचारलं. 'मले कुठी हात लावू देत होते?' म्हणाल्या. तुम्हाला विचारून उपयोग नाही. तुम्ही सगळे नरवाले.

सत्तारभाई, अंडी झाली. आता सांगा.

मंडळी, उभे राहा. दोन मिनिटं कोणी बोलू नका. मी ऐकतो आहे.