चौथ्या वळणावरचा पिवळा झेंडा

जबाब, दिनांक ३१/१२/२०२४, सकाळी ११ वाजून ४० मिनिटे

माझे नाव पंढरी ग्यानोबा बिरादार, वय ४९ वर्षे, धंदा शेती व मोटारसायकल दुरुस्ती, शिक्षण दहावी, राहणार धामणवाडी, ता. उदगीर, जि. लातूर. पोलीस ठाण्यात स्वतः हजर होऊन, विचारल्यावरून सांगतो ते असे.

मी वरील गावी पत्नी कस्तुराबाई हिच्यासह राहतो. गावात तीन एकर जमीन आहे. उदगीर येथे बस स्थानकामागे माझे मोटारसायकल दुरुस्तीचे दुकान असून ते मी बावीस वर्षांपासून चालवतो. माझ्यावर यापूर्वी कोणताही गुन्हा नाही. पोलीस ठाण्यात बसण्याची ही पहिलीच वेळ.

या प्रकरणातील जखमी उमाकांत मेटकर, वय ३४, हे एसटीत वाहक असून सध्या उदगीर आगारात आहेत. मूळचे इस्लापूर, जि. नांदेड येथील. त्यांची गाडी दोन वर्षांपासून माझ्याकडे दुरुस्तीला येते. ज्याच्याविरुद्ध चौकशी आहे तो बजरंग, वय ३१, हा माझी बहीण लक्ष्मीबाई हिचा मुलगा. राहणार निलंगा, तेथे सुट्या भागांच्या दुकानात नोकरीस. तो दर आठवड्याला माल घेऊन माझ्याकडे येतो. दोघांची ओळख माझ्याच दुकानातल्या बाकावर झाली. दोघांनाही मोटारसायकलच्या शर्यतींचा नाद आहे. त्या कारणावरून त्यांची चेष्टा-मस्करी चाले, भांडण कधी झाले नाही. दोघेही मला मामा म्हणतात.

दिनांक ३०/१२/२०२४ रोजी सोमवारी वेळ अमावस्या होती. आमच्या भागात त्या दिवशी गाव मोकळे पडते, सगळे शेतात असतात. ज्याला शेत नाही त्याला बोलावून जेवू घालायचे, अशी रीत आहे. त्या दिवशी शेतात आलेल्या माणसाला जा म्हणायचे नसते. मेटकर यांचे इकडे शेत नाही, म्हणून मीच त्यांना फोन करून बोलावले होते. बजरंग त्याच्या आईला घेऊन सकाळी आला. शेजारच्या बांधावरचे सिद्रामप्पा, वय अंदाजे ७०, हेही जेवायला होते.

सकाळी साडेअकरा वाजता कडब्याची कोप, म्हणजे लहान खोपी, उभी करून आत पांडवांची पूजा केली. पांडव म्हणजे चुन्याने रंगवलेले पाच दगड. ते माझ्या वडिलांच्या वेळचे आहेत. नंतर ज्वारीवर अंबील शिंपडत फेऱ्या घातल्या. मेटकर यांनी अंबिलाचे मडके धरले व बजरंगने शिंपडले. तेव्हा दोघे हसत होते. साडेबारा वाजता जेवायला बसलो. भज्जी, उंडे व खीर होती. मेटकर यांनी भज्जी दोनदा मागून घेतली.

दुपारी दोनच्या सुमारास बजरंगने मोबाईलवर शर्यतीचे चित्रीकरण लावले. वाद तेथून सुरू झाला, म्हणून त्या शर्यतीबद्दल सांगतो.

दिनांक ०८/१२/२०२४ रोजी रविवारी लातूर शहराबाहेर माळावर मातीच्या मार्गावरची शर्यत होती. तीत निलंग्याचा दयानंद हत्तरगे पहिला आला. तो या भागात नावाजलेला असून बजरंगच्या गाडीवर त्याच्या नावाची पट्टी आहे. त्याच शर्यतीत नांदेडचा आलोक पांगरेकर हा चौथ्या वळणावर पडला व मागून आलेल्या हत्तरगेच्या गाडीचे चाक त्याच्या उजव्या हातावरून गेले. दोन बोटे निकामी झाली. पुढे माणूस पडला की पिवळा झेंडा हलवतात. तो दिसला की मागच्याने वेग कमी करायचा, असा नियम आहे. हत्तरगेने वेग कमी केला नाही. त्यामुळे चौकशी होईपर्यंत त्याला शर्यतीस मनाई झाली असून दिनांक ०५/०१/२०२५ रोजी निकाल आहे. बजरंग व मेटकर त्या शर्यतीला एकाच गाडीवर गेले होते. येताना मेटकर बसने आले.

शेतात मेटकर यांचे म्हणणे असे होते की, हत्तरगे चांगला चालवतो पण माणूस म्हणून कोरडा आहे. बक्षीस घेताना त्याचे तोंड हलले नाही. पांगरेकर दवाखान्यात असताना भेटायला गेला नाही. माफीचा एक शब्द काढला नाही. बजरंगचे म्हणणे की तो मुळातच अबोल आहे, गाडीवर बसण्याआधी मातीला हात लावून कपाळाला लावतो, त्याची नियत वाईट असूच शकत नाही. त्यावर मेटकर म्हणाले, "मातीला हात लावतो आन् माणसावरून गाडी नेतो. मंग ती माती कशाची?"

बजरंग म्हणाला, "कंडक्टर, तुमी गाडीत मागं तोंड करून हुभे ऱ्हाता. तुमाला म्होरचं काय दिसतंय?"

यावर सगळे हसले. मेटकरही हसले. कस्तुराबाईने खीर वाढायला घेतली. विषय तेथे संपला असता.

परंतु चित्रीकरण पुन्हा लावले. ते प्रेक्षकांच्या बाजूने घेतलेले आहे. चौथे वळण मातीच्या उंचवट्यामागे असल्याने त्यात काही दिसत नाही, फक्त धूळ दिसते. बजरंग म्हणाला की झेंडाच नसेल तर माणूस थांबेल कशाला. मेटकर म्हणाले की झेंडा असणारच, तिथे माणूस नेमलेला होता. मग ते माझ्याकडे वळले. म्हणाले, "मामा, चौथ्या वळणाला तुमीच होते ना. तुमी सांगा. झेंडा होता का न्हाई?"

हे खरे आहे. शर्यतीच्या आयोजकांनी वळणांवर उभे राहायला दुरुस्तीच्या दुकानदारांना बोलावले होते. चौथ्या वळणावर मी होतो. तोपर्यंत हे मला कोणी समोर विचारले नव्हते. दुकानात त्यांचा हा विषय निघाला की मी चाकात डोके घालत असे.

मी म्हणालो, "धूळ लई होती."

मेटकर म्हणाले, "झालं मंग. मामानं झेंडा हलवलाच असंल. त्यानं बगून न बगितल्यावानी केलं."

मी खिरीची वाटी पुढे ओढली. बजरंग माझ्याकडे पाहत होता. त्यानंतर तो उठला. सिद्रामप्पा म्हणाले, "सुम्म कूड्री." म्हणजे गप बसा. मेटकरही उठले. त्यांनी हत्तरगेच्या आईवरून एक शब्द वापरला, तो येथे लिहून घेऊ नये. बजरंगने दोन्ही हातांनी त्यांच्या छातीला धक्का दिला. धक्का एकच दिला. हातात काठी अगर अन्य काही नव्हते. मेटकर मागे कोपेवर पडले, कोप मोडली व त्यांचे डोके आतल्या दगडावर आदळले. वेळ अंदाजे सव्वादोन. बजरंग माझा भाचा आहे म्हणून मी यात काही कमी केलेले नाही.

डोक्यातून रक्त येत होते. बजरंगनेच स्वतःचा रुमाल दाबून धरला. सिद्रामप्पांच्या मुलाच्या जीपमधून आम्ही त्यांना आधी उदगीरला व तेथून लातूरला नेले. पूर्ण रस्ता बजरंगने त्यांचे डोके मांडीवर धरले होते. डॉक्टरांनी डोक्याला सात टाके घातले. डाव्या खांद्याजवळचे हाड मोडले आहे. त्याच खांद्याला ते तिकिटाची पिशवी अडकवतात.

सायंकाळी सातच्या सुमारास मेटकर शुद्धीवर येऊन नीट बोलू लागले. त्यांच्या पत्नी औषधे आणायला गेल्या होत्या, बजरंग बाहेर बसला होता. मेटकर यांनी मला जवळ बोलावले. मला वाटले, बजरंगबद्दल बोलतील. ते म्हणाले, "मामा, आता तरी सांगा. झेंडा होता का?"

मी त्यांना जे सांगितले तेच येथे सांगतो.

शर्यतीच्या सकाळी आम्हाला दहा मिनिटे समजावून सांगितले होते. कोणी पडला तर जागा सोडायची नाही, आधी झेंडा हलवायचा, उचलायला दुसरी माणसे आहेत. मला ते समजले होते. सातव्या फेरीत पांगरेकर माझ्यापासून वीस फुटांवर पडला. गाडी त्याच्या पायावर होती. मी झेंडा हलवला नाही, काखेत मारला आणि धावलो. मी शेतकऱ्याच्या घरात वाढलो आहे. बैलगाडी उलटली, माणूस अडकला, तर आमच्याकडे आधी हात लावतात, हाका मागून मारतात. हे कारण म्हणून सांगत नाही. झाले ते सांगतो. मी गाडीला हात घातला आणि हत्तरगे उंचवट्यावरून आला. त्याला थांबायला जागा नव्हती. तरी त्याने गाडी बाजूला ओढली, हे मी पाहिले. नाहीतर चाक छातीवरून गेले असते. जाताना त्याने मान वळवून पाहिले. पांगरेकरकडे पाहिले व माझ्या काखेकडे पाहिले.

शर्यत संपल्यावर मी पाण्याच्या टँकरजवळ बसलो होतो. हाताला पांगरेकरचे रक्त होते. हत्तरगे एकटाच तेथे आला. मला वाटले, हा आता चारचौघांत माझे नाव घेईल. त्याने माझ्या काखेतला झेंडा काढला, तोपर्यंत तो काखेतच होता, मला भान नव्हते. झेंडा गुंडाळून माझ्या शेजारी ठेवला. टँकरचा नळ सोडला. म्हणाला, "काका, हात धुवा." मी हात धुवेपर्यंत तो नळ धरून उभा होता. मग गेला. बक्षीस घेताना त्याचे तोंड का हलले नाही, ते मला ठाऊक आहे.

त्याच सायंकाळी आयोजकांनी आम्हा दोघांना बसवून विचारले. हत्तरगे म्हणाला की मला झेंडा दिसला नाही. का दिसला नाही, ते त्याने सांगितले नाही. नंतर मला विचारले. मी तेथेही धूळ होती असेच म्हणालो. त्यांनी लिहून घेतले व मी सही केली. हत्तरगे माझ्या उजव्या हाताला बसला होता.

पांगरेकरला भेटायला तो गेला होता. हे मला माहीत आहे कारण दुसऱ्या दिवशी मीही गेलो होतो. दवाखान्याच्या जिन्यात तो बसलेला दिसला. पांगरेकरच्या नातेवाइकांनी वर येऊ दिले नाही, असे तेथील आयाबाईने सांगितले. मी त्याच्या पुढ्यातून वर गेलो. मला सगळ्यांनी पाणी विचारले. आमच्या मुलाला उचलायला धावलेला माणूस म्हणून पांगरेकरच्या आईने माझ्या पाया पडण्याचा प्रयत्न केला. मी पडू दिले नाही, पण काही सांगितलेही नाही.

माझ्या गळ्यात माळ आहे. रोज सकाळी दिवा लावतो. तीन आठवडे लावत होतो.

एवढे ऐकून मेटकर म्हणाले, "म्हंजे मी तीन हप्ते त्याला फुकट शिव्या घालून राहिलो." थोड्या वेळाने म्हणाले, "बजरंग जेवला का?" मी म्हणालो, न्हाई. ते म्हणाले, "त्याला आत पाठवा." मी पाठवले. आत काय बोलणे झाले ते मी ऐकलेले नाही. मेटकर यांची तक्रार आहे किंवा कसे, ते त्यांच्या जबाबात येईल. माझे म्हणणे मारहाणीपुरते एवढेच की धक्का बजरंगने दिला, परंतु मी शेतात एक वाक्य खरे बोललो असतो तर दोघेही उठले नसते.

आज सकाळी येण्यापूर्वी मी शेतात जाऊन आलो. कोप तशीच पडलेली होती. पूजेच्या शेवटी सायंकाळी दूध उतू घालायची रीत असते, ती राहून गेली. दगडावरचे रक्त कस्तुराबाईने धुतलेले आहे. पोलिसांना तो दगड हवा असल्यास मी आणून देईन, मात्र काम झाल्यावर परत मिळावा.

जबाब लिहून घेणारे हवालदार साहेब म्हणाले की, लातूरच्या शर्यतीतला झेंडा हा या गुन्ह्याचा भाग नाही, तो मजकूर गाळला तरी चालेल, तुम्ही उगाच अडचणीत याल. ते माझ्या भल्यासाठी म्हणाले, हे मला कळते. परंतु तो मजकूर ठेवावा ही माझी विनंती आहे. या जबाबाची नक्कल मिळावी. ती घेऊन मी ०५ तारखेच्या आत आयोजकांकडे व नंतर नांदेडला पांगरेकर यांच्या घरी जाणार आहे. तेथे माझी गाठ कोणाशी पडेल व काय होईल हे मला सांगता येत नाही.

हा जबाब मला मराठीत मोठ्याने वाचून दाखवला. त्यात चौथ्या वळणाच्या ठिकाणी "झेंडा हलवण्यास उशीर झाला" असे लिहिले होते. मी तसे सांगितले नव्हते. माझ्या सांगण्यावरून ते शब्द खोडून "झेंडा हलवला नाही" असे लिहिले व खाडाखोडीशेजारी मी वेगळी सही केली. आता तो मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे.

सही / पंढरी ग्यानोबा बिरादार